बाई, किती मार्क दिलेत?

मैत्रिणींनो, घरात नववीतली मुलगी असेल तर "आई, उद्या प्रकल्प द्यायचाय" हे वाक्य तुम्ही ऐकले नाही असे होणार नाही. तेही रात्री साडेनऊला, भांडी विसळून ओटा पुसून झाल्यावर! मग एकच धांदल. कार्डशीट कुठे आहे, गोंद वाळलाय, स्केचपेनांची टोपणे धाकट्याने हरवलीत. शेवटी बारा वाजता मुलगी पेंगते, आणि उरलेली दोन पाने कोण लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. आज मी सांगणार आहे ती त्याच्या पुढची गोष्ट. तो प्रकल्प तुमच्या घरातून निघून ज्या बाईंच्या पिशवीत जाऊन पडतो, त्या बाईंची.

मी काही पूर्णवेळ शिक्षिका नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झाले, लगेच लग्न, मग दोन मुले. धाकटा शाळेत जायला लागल्यावर गावातल्या एका मुलींच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवू लागले. आठवड्याचे चार दिवस, मधल्या सुट्टीनंतर. त्यामुळे वह्या तपासायच्या त्या घरीच, आणि त्याही एका हाताने मटार सोलता सोलता. आमचे हे म्हणतात, "तुझ्या वह्यांना फोडणीचा वास येतो." येत असेल!

यंदा मी नववीच्या मुलींचे चार-चार जणींचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेक जुनी, नावाजलेली कविता दिली. कवीची माहिती काढा, कविता दहा वेळा मोठ्याने वाचा, आणि तुम्हाला ती कशी वाटली ते लिहा. एवढेच काम. एका गटाला केशवसुतांची 'तुतारी' आली, तर मागच्या दोन बाकांवरच्या गटाला बालकवींची 'औदुंबर' मिळाली. कविता जेमतेम आठ ओळींची! बाकीच्या गटांनी लगेच कुरकुर केली, "बाई, यांना सोप्पी दिलीत."

ती सोपी आहे का, हे तुम्हीच ठरवा. बी. ए. ला असताना या आठ ओळींवर मी आठ पाने उतरवून घेतली होती. आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत ती पाठ केली असेल. टेकडीकडे एक चिमुकले गाव, शेते, हिरवे कुरण, झरा, त्यातून आडवीतिडवी गेलेली एक पांढरी पायवाट, पुढे काळा डोह, आणि त्या पाण्यात पाय सोडून बसलेले उंबराचे झाड. संपली कविता. यातून काय सांगायचे आहे, ते कवीने सांगितलेले नाही. म्हणूनच कोणी म्हणाले हे निव्वळ निसर्गचित्र, कोणी म्हणाले हा माणसाच्या आयुष्याचा प्रवास, डोह म्हणजे मरण आणि ते झाड म्हणजे सगळ्यातून अलिप्त झालेला विरक्त पुरुष. उंबर हे दत्ताचे झाड, तेव्हा विरक्ती तिथे चपखल बसते.

तर हा गट वही घेऊन आला. काय सांगू तुम्हाला, वही नव्हे, रुखवतावर मांडायची वस्तू! मुखपृष्ठावर सोनेरी चमकी, कडेने वेलबुट्टी, आणि मधोमध चिकटवलेला एक रंगीत फोटो. फोटो कसला, तर कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्राचा. दत्ताचे देऊळ, घाट, खाली नदी. आम्ही सांगलीकडची माणसे. भिलवडीजवळचे औदुंबर म्हणजे आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातले. मुलींनी 'औदुंबर' हे नाव वाचले आणि कविता आपल्याच गावावर आहे असे समजून मोकळ्या झाल्या! वास्तविक बालकवींचा जन्म १८९० चा, धरणगावचा. म्हणजे खानदेशातला, जळगाव जिल्ह्यातला. कवितेतला औदुंबर हे झाड आहे, गाव नाही. मी तिथेच पहिला गुण कापला.

आत कवीचा परिचय. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे पूर्ण नाव बरोबर. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले आणि तिथे अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनी या कोवळ्या पोराला 'बालकवी' ही पदवी दिली, तेही बरोबर. पण शेवटी काय, तर "१९१८ साली अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले." हे वाक्य कुठून आले? कुठूनच नाही. आपल्याकडे थोर माणूस म्हटला की तो अल्पशा आजारानेच जातो, अशी मुलींची समजूत! बालकवी गेले ते ५ मे १९१८ रोजी, भादली स्टेशनजवळ, रेल्वेखाली सापडून. अठ्ठावीस वर्षेसुद्धा पुरी झालेली नव्हती. हे मोबाईलवर शोधले असते तरी दोन मिनिटांत सापडले असते. शोधायची गरजच वाटली नाही, कारण वाक्य तयार होते.

आणि पुढे रसग्रहण. अक्षर मोत्यासारखे. "प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी व विलोभनीय चित्र रेखाटले आहे. पक्ष्यांचा किलबिलाट, फुलांचा सुगंध यांमुळे वाचकाची पंचेंद्रिये सुखावतात." मी कविता पुन्हा काढून बघितली. मैत्रिणींनो, त्या आठ ओळींत एक पक्षी नाही हो! फूल नाही, सुगंध नाही. आहेत ते रंग: निळा, हिरवा, पांढरा, काळा. आणि शांतता. मार्गदर्शकातली दोन पाने कुठल्यातरी दुसऱ्याच कवितेवरून उचलून इथे आणून ठेवली होती. ठिगळ छान शिवले होते, पण कापड दुसऱ्याच साडीचे.

आता येते ते पान, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

वहीचे अगदी शेवटचे पान. वेलबुट्टी नाही, चमकी नाही, पेन्सिलीने लिहिलेले आणि दोन ठिकाणी खोडरबराने कागद चुरगळलेला. गटातल्या चौथ्या मुलीचे. ही मुलगी वर्गात कधी बोलत नाही. हजेरीला "हजर" म्हणते तेवढेच. तिने लिहिले होते, ते मला आता पाठच झाले आहे, पण इथे माझ्या शब्दांत सांगते. कवितेत माणूस कोणीच नाही. पण पायवाट आहे. माणूस नसेल तर वाट कशी पडेल? आमच्या आजोळी अशीच वाट आहे, ती डोहाकडे जाते. नळ यायच्या आधी आजी तिथून पाणी आणायची, दिवसातून चार-पाच खेपा. डोहाशी गेल्यावर ती घागर खाली ठेवायची आणि झाडाखाली पाण्यात पाय सोडून थोडी बसायची. घरी कोणी तिला बसू देत नसे. मला वाटते, हे झाड आजीसारखे बसले आहे.

मी काय केले असेल? रात्रीचे अकरा वाजले होते, अजून तीन वह्या बाकी होत्या, कुकरची रिंग सैल झाली म्हणून दिवसभर डोके फिरलेले. मी लाल शाईने लिहिले, "विषयाला सोडून. पेन्सिलने का?" आणि दोन गुण कापून वहीवर वीसपैकी चौदा असा आकडा टाकला. शाळेच्या रिवाजाप्रमाणे चौघींना सारखेच, चौदा.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या. 'तुतारी'वाल्यांना सतरा. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. गटप्रमुख मुलगी, हुशार हो, दरवर्षी पहिल्या पाचांत असते, तिने शेवटचे पान उघडून त्या मुलीसमोर धरले आणि म्हणाली, "बघ. सांगितलं होतं ना फाडून टाक म्हणून. तुझ्यामुळे सगळ्यांचे दोन गेले." ती मुलगी काही बोलली नाही. तिने खाली बघून दप्तराचा बंद घट्ट केला. मी फळा पुसत होते, मला सगळे ऐकू आले, आणि मी ऐकू आले नाही असे केले. ते मला अजून लागून राहिले आहे. पुढच्या दोन तासांना ती वर्गात नव्हती. बरं नाही, असे मैत्रिणींनी सांगितले.

माझ्या मनातून ते जाईना. रविवारी सासूबाईंना तेल लावून देत होते. त्यांचे माहेर वारणेकाठचे, खेड्यातले. सहज म्हणून ती कविता त्यांना म्हणून दाखवली. कवीचे नाव नाही, गाव नाही, काही नाही. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. डोळे मिटून ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "पांढरी वाट म्हणजे रोजची वाट गं. पायानं गवताला उगवायला सवड मिळत नाही, म्हणून ती पांढरी पडते. आणि आडवीतिडवी का? डोईवर दोन घागरी असल्या की चढ सरळ चढवत नाही. बायका वळसे घेत घेतच वर येतात."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. बी. ए. च्या आठ पानांत हे कुठेही नव्हते.

नंतर मी ती कविता एखाद्या नवख्या बाईसारखी वाचली. बघा, वाट कुठून कुठे जाते? गावाकडून शेतांतून निघते आणि डोहापाशी संपते. आणि ती जिथे संपते तिथे कोण बसले आहे? झाड. उभे नाही, बसलेले आहे. पाण्यात पाय सोडून बसलेले. झाडाला पाय कवीने दिले. आता असे कोण बसते? विरक्त साधू बसतो असे विद्वान म्हणाले, आणि त्यांचे चुकले असे मी कोण म्हणणार? पण मग वाट कशाला? साधूकडे रोज जा-ये नसते. वाट पांढरी पडण्याइतकी माणसे रोज पाण्याकडेच जातात. ती मुलगी विषयाला सोडून गेलेलीच नव्हती. उलट कवितेत जी गोष्ट आहे, तिलाच धरून ती पावलापावलाने डोहापर्यंत गेली होती. विषयाला सोडून गेली होती ती पक्षी आणि सुगंधवाली पाने! आणि त्यांना मी बाराच्या वर गुण दिले होते.

त्यानंतर दोन दिवस लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढून चाळली. तुमच्याकडे असेलच, नसेल तर वाचनालयातून जरूर आणा. बालकवी काही काळ अहमदनगरला (आता अहिल्यानगर म्हणतात) रेव्हरंड टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते. त्या पुस्तकातला ठोंबरे म्हणजे मुलखावेगळा, हळवा पोरगा. त्यात लक्ष्मीबाई त्याच्याबद्दल ज्या मायेने लिहितात, ती परिचयाच्या कुठल्याही धड्यात येत नाही. लक्ष्मीबाई स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या. आणि त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव काय, तर 'भरली घागर'!

आणखी एक गंमत लक्षात आली. बालकवींच्या आधी दहा वर्षे, १८८० साली, त्याच जळगाव जिल्ह्यात, असोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. विहीर, मोट, जाते यांवर शेतात नि घरात राबता राबता त्या गाणी म्हणत, ती घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्या गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने बाहेर आली. एकाच मातीत एकाने काठावर उभे राहून चित्र काढले आणि दुसरीने त्या वाटेवर चालता चालता गाणे म्हटले. दोघेही थोर. पण आमच्या मुलीने काय केले, तर काठावरच्या चित्रात चालणारी बाई शोधून काढली. ती नाही सापडली तर तिचे पाय शोधून काढले.

ती मुलगी शाळेत आली तेव्हा मी मधल्या सुट्टीत तिला बोलावले. वही पुढे ठेवली. लाल शाई काही पुसता येत नाही, म्हणून मी त्या शेऱ्याखालीच लिहिले होते, "हा शेरा मी घाईने लिहिला. तो चुकीचा आहे." खाली सही. तिने वाचले, पण चेहरा काही फुलला वगैरे नाही. "हे पान मी वर्गात वाचून दाखवू का?" असे विचारले तर घाईघाईने म्हणाली, "नको बाई." मला वाटले होते, ती खूश होईल. पण चारचौघांत आधी उतरवायचे आणि मग चारचौघांत चढवायचे, दोन्ही वेळा तिची परवानगी कुठे होती?

मग मी म्हटले, "पण एका गोष्टीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. डोहावरच्या त्या काळोखीला कवीने गोड म्हटलंय. काळोखी गोड कशी?" मार्गदर्शकात याला विरोधाभास म्हणून दोन ओळी आहेत. आम्हीही तेच लिहीत आलो. तिने जरा वेळ खिडकीबाहेर बघितले आणि म्हणाली, "बाई, ती काळोखी म्हणजे झाडाची सावलीच ना? पाण्यावर पडलेली. आजी उन्हातनं यायची. उन्हातनं आल्यावर सावली गोडच लागते."

खरं सांगू? मला उत्तर सुचले नाही. मी तिला जा म्हटले, कारण घंटा झाली होती.

आता प्रश्न आला गुणांचा. गटाचे गुण सारखे द्यायचे हा रिवाज सोयीचा आहे, भांडणे होत नाहीत. पण चौघींच्या वहीत दोन पाने एकीच्या आईची, सहा पाने मार्गदर्शकाची, आणि एकच पान एका मुलीचे असेल, तर गुण कोणाला द्यायचे? मी मुख्याध्यापिका बाईंना विचारून चौघींशी एकेकटीशी पाच-पाच मिनिटे बोलले. वही मिटून. तुझ्या पानावर काय आहे ते तुझ्या शब्दांत सांग. आई नाही, मोबाईल नाही. एकीने झऱ्याचे चित्र काढले होते, तिला झरा कुठून कुठे जातो ते नीट सांगता आले, तिला पंधरा. कवीचा परिचय लिहिणारीला चौदा. गटप्रमुखाला पंचेंद्रिये कोणती तेही धड सांगता येईना, तिला बारा. आणि पेन्सिलवालीला अठरा. वीस का नाही? कारण ती सावलीची गोष्ट तिने सांगितली, लिहिली नव्हती. शिवाय शुद्धलेखन! मार्क हे मार्क असतात, बक्षीस नव्हेत.

दुसऱ्या दिवशी गटप्रमुखाची आई शाळेच्या फाटकापाशी उभी. ओळखीच्याच, भाजीबाजारात भेटतात. चेहरा लाल. "बाई, आधी चौदा दिलेत, मग बारा? हा कुठला न्याय? माझी मुलगी शेवटच्या पानावर पेन्सिलीने रेघोट्या मारणाऱ्या मुलीपेक्षा कमी? अहो, रात्री एक वाजेपर्यंत जागून एकेक अक्षर मी असं काढलंय की..." आणि त्या थांबल्या. मीही थांबले. बाजूला भेळवाला कांदा चिरत होता तेवढाच आवाज.

मला त्यांना टोमणा मारता आला असता. पण कोणत्या तोंडाने? गेल्याच महिन्यात आमच्या चिरंजीवांच्या 'पाण्याचे चक्र' या प्रकल्पातले ढग मी कापसाचे करून चिकटवले आणि खालची माहितीही मीच लिहिली. मुद्दाम जरा वेडेवाकडे अक्षर काढून! त्याच्या बाईंनी 'उत्तम' शेरा दिला तेव्हा मलाच आनंद झाला. मुलगा खेळायला निघून गेला होता. हे मी त्यांना सांगून टाकले. त्या आधी कसनुशा हसल्या, मग म्हणाल्या, "मग आपण करायचं तरी काय? बाकीच्यांच्या आया करतात, आपण नाही केलं तर आपलीच मुलगी मागे पडते."

प्रश्न खरा आहे. मैत्रिणींनो, माझ्याकडे याचे पुरते उत्तर नाही. पण एक सांगते. कवितेचा प्रकल्प घरी आला की मुलीला म्हणावे, स्वयंपाकघरात ये आणि मोठ्याने वाच. आपण पोळ्या लाटत ऐकावे. वाचून झाले की "अर्थ काय?" असे विचारू नये, त्याने मुले थेट मार्गदर्शकाकडे धावतात. विचारावे ते असे, की यात काय काय दिसलं? काय नाही दिसलं? एखादी वस्तू आपल्या ओळखीची आहे का? घरात आजी असेल तर आजीला ऐकवावे. मग ती जे काही म्हणेल ते तिचे तिनेच लिहावे, खाडाखोड झाली तर होऊ द्यावी. गोंद आणून देणे, वेळेवर झोपायला लावणे आणि सनावळ्या पुस्तकातून पडताळून बघ म्हणून बजावणे, एवढे आपले काम. अक्षर मात्र अजिबात काढून देऊ नये. आम्हा बायांना आईचे अक्षर ओळखू येते, बरं का! आईच्या अक्षरात जोडाक्षरे चुकत नाहीत.

आणि आम्ही तपासणाऱ्यांनीही जरा सुधारायला हवे. चमकीला गुण आम्हीच देतो, म्हणून तर तुम्ही चमकी आणता.

मी गटाला आठ दिवसांची मुदत दिली. ज्याला वाटेल त्याने आपले पान पुन्हा लिहावे, गुण वाढतील. मला वाटले होते, गटप्रमुख मुलगी रुसेल. ती दोन दिवस रुसलीही. पण मग तिने अर्धे पान लिहून आणले, गिचमिड अक्षरात, पण स्वतःच्या. तिने लिहिले होते की कवितेतल्या गावात चार घरे आहेत असे म्हटले आहे, पण ती मोजून चार नसावीत. आई पाहुण्यांना म्हणते, चार दिवस राहा की, तेव्हा पाचव्या दिवशी कोणी हाकलत नाही. आणि चार माणसांत बरं दिसत नाही, असे आई नेहमी म्हणते, पण ती चार माणसे कोण हे मला अजून कळलेले नाही. तेव्हा चार म्हणजे थोडी, आपली.

मी एकटीच मोठ्याने हसले. तिला सोळा दिले. तिची आई दुसऱ्या आठवड्यात बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मला वहीत घातलंन् की कार्टीने!" पण आवाजात राग नव्हता.

दोघींची बोलाचाली झाली का, असे तुम्ही विचाराल. झाली असावी. त्या एका बाकावर बसत नाहीत, पण परवा ग्रंथालयाच्या तासाला 'स्मृतिचित्रे' एकीने मागितले आणि दुसरी म्हणाली, माझं झालं की देते. सासूबाई मात्र रोज विचारतात, "त्या पोरीच्या आजीचं गाव कुठलं गं?" विचारायचे राहून जाते आहे.

वही आता शाळेच्या कपाटात आहे. मुखपृष्ठावरचा तो देवळाचा फोटो बदला म्हणून मी सांगितले होते. मुलींनी कोपऱ्याकडून सोलायचा प्रयत्न केला, पण गोंद भलताच चांगला निघाला, कार्डशीट फाटायला लागले. शेवटी त्यांनी फोटोखाली बारीक अक्षरात एक ओळ लिहून टाकली: "हे कवितेतले औदुंबर नव्हे. पण इथेही घाटावर बायका पाण्यात पाय सोडून बसतात."